अकरा डोकी, अकरा शेपट्या

आज सकाळी विमानाचा एअर फिल्टर काढून उलटा आपटला, तर पांढऱ्या फडक्यावर सोयाबीन सांडलं. दाणे नव्हेत, फोलपटं. मळणीत उडालेलं पिवळट, केसाळ भुसकट, बोटांना चिकटणारं, शिंका आणणारं. धावपट्टीच्या कुंपणापलीकडे थ्रेशर सुरू झालेत हे मला त्यांच्या आवाजाआधी या फडक्यानं सांगितलं. मी फडकं झटकलं नाही. घडी घालून बाजूला ठेवलं, हात पुसले, आणि लक्षात आलं की आपण श्वास धरून बसलो आहोत.

दरवर्षी असंच होतं. दिवाळीच्या मागचे-पुढचे दिवस. राजवाड्याच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते, विजय नगरात मॉलवर दिव्यांचे पडदे सुटतात, लोक एकमेकांना विचारत असतात, "काय मग, झाली का तयारी?" मी मात्र मोजायला लागते. जिन्याच्या पायऱ्या. ताटातल्या पुऱ्या. सिग्नलवरचे उलटे पळणारे आकडे. सहा वर्षं झाली. तो एक मोसम माझ्या अंगातून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

ते विमान दोन आसनांचं, एका पंख्याचं, माझ्या बाबांपेक्षा दोन वर्षांनी थोरलं. आमच्या फ्लाइंग क्लबचे मुख्य प्रशिक्षक भदौरियाजी त्याला 'चिड़िया' म्हणत. दिघे सर त्याला 'म्हातारी' म्हणत. दिघे सर इंजिनिअर. त्यांची सही झाल्याशिवाय म्हातारी हँगरच्या बाहेर पडत नसे. मी तिथं तंत्रज्ञ म्हणून लागून आठ महिने झाले होते. चोवीस वर्षांची होते आणि जगातल्या सगळ्या चुका मला दिसत होत्या. माझ्या सोडून.

इंजिनाच्या पोटाखाली, कार्बोरेटरच्या तोंडाशी, पातळ ॲल्युमिनियमचा एक डबा असतो. पोळ्यांच्या डब्याहून थोडा लहान. त्याला एअरबॉक्स म्हणतात. इंजिन श्वास घेतं तो यातून. डब्यात एक झडप असते. तिच्या एका बाजूनं फिल्टरमधून गाळलेली गार हवा येते, दुसऱ्या बाजूनं धुराड्याच्या नळीभोवती तापलेली. ओलसर हवेत, स्वेटरही लागत नाही अशा सकाळी, कार्बोरेटरच्या घशात बर्फ धरतो. मग पायलट समोरची खुंटी ओढतो, झडप फिरते, गरम हवा आत येते, बर्फ वितळतो. एवढंच त्या डब्याचं काम. पण इंजिन जे ओढतं ते वर ओढतं. डब्यात एखादी खिळी सुटली तर ती खाली पडत नाही, वर जाते, थेट घशात. जमिनीवर असाल तर इंजिन बंद करता येतं. हवेत असाल तर ते आपणहून बंद पडतं.

आमचा डबा थकलेला होता. झडपेच्या बिजागरीपासून केसासारखी एक चीर निघाली होती. कुणीतरी कधीकाळी आतून सीलंट थापलं होतं, त्याचे वाळून पोपडे झाले होते. त्याहून आधी कुणीतरी अकरा रिव्हेट मारून पत्र्याचं ठिगळ लावलं होतं, ते आता अंगठ्याच्या नखानं हलत होतं. मी हलवून दाखवलं.

"बदला हा, सर."

"मागवलाय. परदेशातून येतोय, रिक्षातून नाही. वेळ लागेल."

"तोवर उभी राहू दे म्हातारी."

"तोवर नियमात बसेल तेवढी दुरुस्ती करू. जुना पॅच काढायचा, चिरीच्या टोकाला भोक पाडून ती तिथंच थांबवायची, नवा पॅच मारायचा."

"म्हणजे ठिगळावर ठिगळ."

"ठिगळ काढून ठिगळ," दिघे सर म्हणाले. "फरक असतो, क्रांती."

मला फरक दिसला नाही. दिसावा अशी माझी घडणच नव्हती. माझं नाव क्रांती आहे ते उगाच नाही. आमचं घर परदेशीपुऱ्यात. बाबा मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा मी पाळण्यात होते, पण पर्चे, म्हणजे मागण्यांची छापील पत्रकं, बंद पडले नाहीत. थकलेली देणी, रेशन, नळाचं पाणी, शाळेची फी, कशावरही पर्चा निघे. इतर मुलं बाराखडी पाटीवर शिकली, मी बाबांच्या पर्च्यांवर शिकले. स्वस्त गुलाबी कागद, शाईचा रॉकेलसारखा वास, आणि वर ठळक अक्षरांत 'साथियो!' संध्याकाळी मला यायला उशीर झाला की समोरच्या काकी ओट्यावरून ओरडत, "क्रांती आई कि नहीं अभी?" आणि बाबा एकटेच हसत. "आयुष्यभर हेच विचारतोय मी," म्हणत.

तर मी पर्चा लिहिला. हिंदीत, कारण पर्च्याची भाषा माझ्या कानात हिंदीच आहे. ठिगळांवर उडणारं विमान म्हणजे विमान नव्हे, जुगार आहे. खेळतंय कोण आणि जीव कुणाचा, असा त्याचा सूर. खाली लिहिलं, 'एक जागरूक कर्मचारी'. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो नोटीस बोर्डावर लावला.

अर्थातच सगळ्यांना कळलं. भदौरियाजी चहाचा पेला घेऊन बोर्डापुढे उभे राहिले आणि मला ऐकू येईल असं म्हणाले, "भई, ये जागरूक कर्मचारी हिंदी बड़ी अच्छी लिखता है. बस नाम भूल गया बेचारा." दिघे सरांनी तो शेवटपर्यंत वाचला. कागदाचा एक कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता. त्यांनी खिशातून टाचणी काढून तो कोपरा टोचला. "उडून जाईल नाही तर," म्हणाले, आणि कामाला लागले.

बाबांना दाखवला तेव्हा त्यांनीही आधी तळाकडे पाहिलं. "नाव कुठंय?"

"प्रोबेशनवर आहे मी, बाबा."

"आम्ही तर मिलच्या गेटवर होतो. खाली नाव नसेल तर तो पर्चा नाही, बेटा. अफवा आहे ती."

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

दुरुस्तीचं काम दिघे सरांनी मलाच दिलं. "ज्याला ठिगळ दिसतं त्यानंच ते नीट लावावं." ती शिक्षा होती की मान, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

त्या दुपारी हँगरचा पत्रा तापला होता आणि उघड्या दारातून थ्रेशरची धूळ सोनेरी होऊन आत येत होती. डबा विमानावरून उतरवून बाकावर ठेवला होता. रिव्हेट म्हणजे डोकं असलेली खिळी. पत्र्यातून आरपार जाते, पलीकडे ठोकून तिची शेपटी चपटी करतात. काढायची झाली की डोक्यात ड्रिल घालायचं. डोकं बाहेर उडतं, शेपटी आत पडते. दिघे सरांचा यावर एक रिवाज होता. त्यांनी घरून दोन स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या, 'सौ. शुभदा' असं नाव कोरलेल्या. एक वाटी डोक्यांची, एक शेपट्यांची. काम संपलं की सर येत आणि विचारत, "किती?" दोन्ही वाट्यांचा आकडा एक असला तरच पुढं. आणि उत्तर ऐकताना ते वाट्यांत पाहत.

त्याच दुपारी पूजा आली. ती गौतमपुऱ्याची, सोयाबीन-गव्हाच्या घरातली मुलगी, वर्षभर आमच्याकडे उडायला शिकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिचं पहिलं एकटीचं उड्डाण होतं. आधी एक फेरी भदौरियाजी शेजारी बसणार, मग ते उतरणार, आणि ती एकटी जाणार. मळणी अर्धी टाकून तिचे आईवडील येणार होते, कुंपणाशी उभे राहून बघायला. तिनं शेवेची पिशवी बाकावर ठेवली.

"दीदी, कल सुबह तक हो जाएगा ना?"

"शेव उचल आधी इथून. सर बघतील."

"हो जाएगा ना?"

"हो गं बाई."

नवा पॅच छान बसला. खरंच छान. रिव्हेटांची ओळ दातांसारखी सरळ. दिघे सर मधेच येऊन गेले, बोट फिरवून म्हणाले, "हात आहे तुला." आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी डोक्यांची वाटी पाहिली. अकरा. शेपट्यांची पाहिली. दहा.

पुन्हा मोजल्या. दहा. बाकाखाली पाहिलं, फरशीवर हात फिरवला, डबा उलटा करून हलवला, आत टॉर्च मारला. काही वाजलं नाही, काही दिसलं नाही. झाडून टाकली असेल. बुटाला चिकटून गेली असेल. असेल कुठंतरी. पण माझ्या डोक्यात तेव्हा शेपटी नव्हतीच, हे आज कबूल करायला हवं. डोक्यात नोटीस बोर्ड होता. महिनाभर मी लोकांच्या ढिलाईवर बोट ठेवत हिंडत होते. आता मीच म्हणायचं, माझी एक कमी आहे? भदौरियाजींचा चहाचा पेला मला दिसला. हसू ऐकू आलं.

सर आले. "किती?"

"अकरा," मी म्हटलं. "आणि अकरा."

त्यांनी आरसा घालून डब्याचं पोट तपासलं, डबा बसवताना शेजारी उभे राहिले, सही केली. त्या एका शब्दाला किती कमी वेळ लागला. विडी पेटवायलाही जास्त लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पोहे केले होते. वर शेव, जिरावन मसाला, लिंबू. हवा ओलसर होती, अंगणातली स्कूटर दवानं भिजली होती. बाबा म्हणाले, "सरांनी शाबासकी दिली म्हणालीस, पण चेहरा असा का?" मी म्हटलं, काही नाही. मी पोह्यांतले शेंगदाणे कडेला काढून ठेवत होते. बाबांनी ताटलीकडे पाहिलं. "मोजतेस काय त्यात?" दहा होते. अकरावा मी चमच्यानं शोधत होते.

साडेसात वाजले होते. भदौरियाजी कुणाचा फोन उचलत नाहीत, उड्डाणाआधी कधीच नाही. सरांचा लागला नाही. मी स्कूटर कशी हाणली ते मला आठवत नाही. आठवतात ते नुसते तुकडे. एक दूधवाला, त्याची शिवी. लाल सिग्नल, मी पाळला नाही. शेताच्या कडेला थ्रेशर सुरू, त्याच्या धुळीत सगळा रस्ता पिवळा. आणि त्या गोंगाटातून वेगळा ओळखू आलेला म्हातारीचा आवाज, खोकून सुरू झालेला, मग एकसारखा.

कुंपणाशी एक बाई आणि एक गृहस्थ उभे होते. बाईंनी डोक्यावरचा पदर दातात धरला होता. मी त्यांच्या बाजूनं धावत गेले. विमान जागेवरून हललं होतं. पंखा दिसत नव्हता, फक्त त्याची चकाकी. मी समोर जाऊन उभी राहिले, पंख्यापासून लांब पण आतल्या दोघांना दिसेन अशी, आणि गळ्यावरून हात आडवा फिरवला. इंजिन बंद करा. पुन्हा फिरवला. पुन्हा. काचेमागे पूजाचा चेहरा पांढरा दिसला. पंखा दिसायला लागला, अडखळला, थांबला. इतकी शांतता झाली की शेतातली माणसं बोलताना ऐकू आली.

भदौरियाजी उतरले. "क्या हुआ?"

"शेपट्या दहा होत्या. मी अकरा सांगितलं."

"मतलब?"

"एक आत असेल. किंवा नसेल. मला माहीत नाही. मी खोटं बोलले."

ते ओरडणार असं वाटलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी मागं वळून कुंपणाकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "वो उसकी माँ खड़ी है." बस. पूजानं हेडसेट काढून सीटवर ठेवला, खाली उतरली आणि माझ्या शेजारून निघून गेली. माझ्याकडे न बघता.

तोवर दिघे सर आले होते. त्यांनी कव्हर उघडायला घेतलं. फिल्टर, मग डबा, मग वरच्या कार्बोरेटरचा घसा. घसा स्वच्छ होता. डबा बाकावर आला. सरांनी झडप बिजागरीवरून सोडवली, जे आदल्या दिवशी करायची गरज कुणाला वाटली नव्हती, आणि तिच्या मागच्या कोपऱ्यात टॉर्च धरला. तिथं जुन्या सीलंटचा एक पोपडा होता. त्याच्या खाली, अर्धी रुतलेली, अर्धी चमकणारी, अकरावी. आरशाला दिसणार नाही अशी. हलवून न वाजणारी.

सरांनी ती चिमट्यानं काढून वाटीत टाकली. टिंग झालं.

"सुटली असती?" मी विचारलं.

"गरम हवा आणि थरथर. आज नाही तर महिन्यानं. कधीतरी सुटलीच असती." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुला एक सांगू? मी रोज वाट्यांत बघतो. काल बघितलं नाही. तो तुझा पर्चा वाचला होता ना. म्हटलं, ही पोरगी असल्या गोष्टीत खोटं बोलायची नाही."

मला वाटलं होतं माझ्या पर्च्यानं कुणाचंच काही बदललं नाही. त्यानं एक गोष्ट बदलली होती. एका काटेकोर माणसानं, त्याच्यामुळं, एकदा वाटीत बघितलं नव्हतं.

सरांनी त्या दिवशी लॉगबुकात आधी स्वतःविरुद्ध नोंद केली, मग पेन माझ्याकडे दिलं. मी माझी नोंद केली. घरी जाऊन दुसरा पर्चा लिहिला. 'साथियो' लिहिता येईना. आपण कुणाला साथी म्हणायचं ते आता त्यांनी ठरवायचं होतं. काय झालं तेवढं लिहिलं. चष्मा कपाळावर सरकवून बाबांनी तो दोनदा वाचला. "यात मालक कुठंय? मॅनेजमेंट कुठंय? सगळ्या पर्च्यात कुणीतरी असतं समोर."

"यात मीच आहे, बाबा."

मग त्यांनी तळाला बघितलं. नाव होतं. क्रांती, आडनावासकट. तो कागद त्यांनी माझ्या हातात परत दिला तो दोन्ही हातांनी.

पहिल्या पर्च्याच्या शेजारी मी दुसरा लावला. नोकरी गेली नाही, प्रोबेशन लांबलं. म्हातारी तीन आठवडे उभी राहिली, नवा डबा येईपर्यंत. या वेळी ठिगळाची गोष्ट कुणी काढली नाही. पूजा रोज येत होती, पुस्तकं वाचत बसत होती, माझ्याशी बोलत नव्हती. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिच्या गावात हिंगोट असतो. दोन गावं समोरासमोर उभी राहून एकमेकांवर पेटते हिंगोट, फटाक्याची दारू भरलेली रानफळं, फेकतात. ती सुट्टीवरून परत आली तेव्हा तिच्या ओढणीला जळका वास होता. बोर्डापुढे उभी राहून तिनं दोन्ही कागद वाचले.

"दीदी, हमारे यहाँ हिंगोट फेंकने वाला सामने खड़ा रहता है," ती म्हणाली. "पहला वाला पीछे से फेंका था आपने."

"हो."

"ये वाला सामने से."

"हो."

मला माफ केलंस का, असं मी विचारलं नाही. असं काही विचारण्याचा हक्क चुकणाऱ्याला नसतो, हे मला तेव्हा कुठल्याही पर्च्याशिवाय कळलं.

नवा डबा आला, कागदात गुंडाळलेला, न वापरलेल्या ताटासारखा चकचकीत. बसवला. उड्डाणाच्या सकाळी कुंपणाशी तेच दोघे उभे होते. दुसऱ्यांदा काम टाकून आलेले. पूजा सीटवर बसली, पट्टा आवळला, आणि खिडकीतून हात बाहेर काढून मला बोलावलं.

"कितने?"

या वेळी नव्या डब्याचं एकही डोकं उडवलं नव्हतं. तरी मी वाट्या आणल्या. दोन्ही रिकाम्या. तिनं दोन्हींत डोकावून पाहिलं, तळाला बोट फिरवलं, आणि मान हलवली.

मग ती एकटी गेली. नऊ मिनिटं. मी ती मोजली.

सर आता निवृत्त झालेत. जाताना वाट्या इथंच ठेवून गेले. शुभदाकाकू अजून फोनवर म्हणतात, "माझा सेट मोडलात हं तुम्ही लोकांनी." सही आता माझी असते. बाबा थकलेत, पर्चे मीच लिहिते, कमी लिहिते, आणि खाली नाव घालते. राग तसाच आहे. फक्त तो बाहेर काढण्याआधी मी त्याची एकदा मोजणी करते.

या आठवड्यात नव्या डब्यालाही, ज्याला आम्ही अजून नवाच म्हणतो, बिजागरीपाशी बारीक चीर दिसली. चार रिव्हेट काढावे लागले. चार डोकी, चार शेपट्या. झडप सोडवून मागचा कोपरा बघितला, बोटानं चाचपला. सोयाबीनची धूळ होती, बाकी काही नाही.

आज आठ वाजता पूजा आली. ती आता इथंच प्रशिक्षक आहे. तिच्या शेजारच्या सीटवर उज्जैनकडची एक नवी मुलगी बसली होती, गुडघे एकमेकांना चिकटवून. पूजानं खिडकीतून हात बाहेर काढला.

"कितने, दीदी?"

मी आकडा सांगितला नाही. वाट्या दिल्या. तिनं त्या शेजारच्या मुलीच्या मांडीवर ठेवल्या. "तू गिन."

मुलगी मोजायला लागली. बोटानं एकेक बाजूला सारत, ओठ हलवत, आधी एक वाटी, मग दुसरी. मी खिडकीशी उभी होते. सहा वर्षांनीसुद्धा, चार हे मला पक्कं ठाऊक असूनसुद्धा, मी तिच्याबरोबर मोजत होते.

"चार," ती म्हणाली. "और चार."

वाट्या परत आल्या. मी मागं सरकले. म्हातारी खोकली, सुरू झाली. काचेमागे पूजानं झडप तपासायला गरम हवेची खुंटी ओढली. आवाज किंचित पडला, जसा पडायला हवा तसा, आणि तिनं खुंटी परत ढकलल्यावर पुन्हा चढला. तेव्हा कुठं मी श्वास सोडला.